व्हिक्टोरिया फॉल्स हॉटेलात राहायचं तर: पूर्णेच्या एका रिटायर्ड रेल्वे गार्डाचं सांगणं

आधी महिना ठरवा, खोली मग. पूर्णेत मला जो भेटतो तो पहिला प्रश्न हाच विचारतो, ‘एका रात्रीचे किती पडले?’ आकडा शेकडो डॉलरांत असतो, मोसमाप्रमाणे खालीवर होतो आणि बुकिंग करताना समोर दिसतोच. पण भलत्या महिन्यात गेलात तर स्वस्तात मिळालेली खोलीसुद्धा महागच पडणार.

व्हिक्टोरिया फॉल्स हा आफ्रिकेत झिंबाब्वे आणि झांबियाच्या हद्दीवरचा, झांबेझी नदीचा धबधबा. या नदीचं गणित आपल्या नद्यांसारखं नाही. आपल्याकडे रात्री पाऊस झाला की सकाळी नदी दुथडी. तिकडे पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च, पण वरच्या अंगाला अंगोलात आणि झांबियात पडलेलं पाणी मोठमोठ्या सपाट गवताळ मैदानांतून रेंगाळत येतं. त्यामुळे धबधबा पुरता भरतो तो पाऊस संपल्यावर, एप्रिलच्या सुमारास. तेव्हा जाऊ नका असं मी म्हणत नाही, पण त्या दिवसांत तुषार एवढे उडतात की समोरचं पाणी दिसतच नाही. नुसता आवाज ऐकायचा आणि भिजून परत यायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उलटं होतं. झांबियाच्या बाजूला बराचसा नुसता काळा कडा उरतो, झिंबाब्वेच्या बाजूचा मुख्य धबधबा तेवढा वाहत असतो. माझं मत विचाराल तर जून-जुलै. पाणी भरपूर, तुषार आवाक्यात, हवा कोरडी, रात्री स्वेटर लागतो. ज्याच्या घरी शेत आहे त्याची मात्र तेव्हा पेरणी असते. त्याने मे अखेरीस जाऊन मृगाच्या आत परत यावं.

पौर्णिमा साधता आली तर साधा. पाणी जास्त असतं त्या महिन्यांत पौर्णिमेच्या आसपास धबधब्याचं उद्यान रात्रीही उघडतात आणि चांदण्यात इंद्रधनुष्य दिसतं. डोळ्याला ते पांढुरकंच दिसतं, सात रंग मोजायला जाऊ नका.

आता जायचं कसं. देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची. मुंबईहून अदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलून जाता येतं. इथे एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे पिवळ्या तापाची लस. ती जाण्यासाठी जेवढी लागते त्याहून जास्त परत येताना लागते, कारण भारत सरकार याबाबतीत फार कडक आहे. टोचून घेतल्यावर दाखला दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. एकदा घेतली की जन्मभर चालते. सरकारने नेमलेल्या केंद्रातच ती मिळते आणि तिथला पिवळा दाखलाच धरतात, आपल्या फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही. मलेरियाच्या गोळ्यांचं मात्र फॅमिली डॉक्टरलाच विचारा, धबधब्याचा सगळा परिसर मलेरियाचा आहे. झिंबाब्वे आणि झांबिया दोन्हींकडे चालणारा ‘काझा’ नावाचा एक सामाईक व्हिसा आहे. पलीकडच्या काठावरूनही धबधबा बघायचा असेल तर त्याची चौकशी करा. नियम बदलत राहतात, म्हणून वकिलातीच्या वेबसाइटवर स्वतः वाचा, एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

डॉलर सुट्ट्या नोटांत न्या. एकच्या, पाचच्या, दहाच्या, कोऱ्या करकरीत. तिथे अमेरिकी डॉलर सर्रास चालतो, पण सुट्टे परत मिळायची मारामार, आणि फाटकी नोट कुणी हातात धरत नाही. चार्जरसाठी इंग्रजी पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा अॅडॅप्टर न्या. घड्याळ साडेतीन तास मागे घ्या.

आता हॉटेल. मी मीटरगेजवर गार्ड म्हणून आयुष्य काढलं, म्हणून मला या हॉटेलचं जरा जास्तच वाटतं, हे आधीच सांगून ठेवतो. हे हॉटेल रेल्वेने बांधलंय. सेसिल ऱ्होड्स या ब्रिटिश साम्राज्यवादी धनाढ्याला केप टाउनपासून कैरोपर्यंत लोहमार्ग न्यायचा होता. तो १९०२ साली वारला, आणि १९०४ मध्ये रूळ या धबधब्यापर्यंत पोचले. त्याच वर्षी लाकूड आणि पत्रा वापरून हे हॉटेल उभं राहिलं, तेही तात्पुरतं म्हणून. विटांची देखणी इमारत नंतरची. आपल्या मनमाड-हैदराबाद लाइनीचा जन्मही त्याच काळातला, निजामाच्या राज्यातला. स्टेशन हॉटेलच्या अगदी समोर आहे. पहिल्या संध्याकाळी बायकोला ‘आलोच’ म्हणून मी रूळ बघायला गेलो. साडेतीन फुटी गेज, आपल्या जुन्या मीटरगेजपेक्षा चार बोटं रुंद.

खोली घेताना बुकिंगवाले घळीवरच्या रेल्वे पुलाकडच्या बाजूची खोली जास्त भावाने सुचवतील. माझा सल्ला, घेऊ नका. दृश्य आहे ते मागच्या गच्चीवरून, आणि तिथे सगळ्यात स्वस्त खोलीवाल्याचीही खुर्ची तीच. पैसे वाचवायचे तर खोलीत वाचवा आणि त्यातून एक रात्र वाढवा. एकाच रात्रीसाठी तर इथे मुळीच उतरू नका. दुपारी पोचायचं, संध्याकाळी नदीवरच्या बोटीत बसायचं, सकाळी धबधबा आणि लगेच विमानतळ, असं करणारी पाहुणे मंडळी मी पाहिली. त्यांनी दाम मोजले राजवाड्याचे आणि वापरली फक्त गादी. दोन रात्री तरी काढा, आणि मधला एक अख्खा दिवस कुठलंही तिकीट न काढता हॉटेलातच घालवा.

त्या दिवशी करायचं काय? सकाळी लवकर उठून मागच्या हिरवळीवर जा. धबधबा स्वतः तिथून दिसत नाही, पण झाडांच्या वर पांढऱ्या धुराचा लोट चढताना दिसतो, खाली घळ आणि घळीवर पूल. वॉर्टहॉग जातीची रानडुकरं हिरवळीवर चरायला येतात. ती पुढच्या दोन पायांचे गुडघे टेकून गवत खातात, आणि तसंच गुडघ्यांवर सरकत पुढे जातात. वीतभर लांब सुळे, पण स्वभाव गरीब. जवळ जाऊन फोटो काढू नका म्हणजे झालं. माकडांचं तसं नाही. नाश्त्याच्या टेबलावर साखरेच्या पुड्या ठेवून तुम्ही मान वळवली की पुड्या गेल्या. खोलीची खिडकी उघडी टाकून बाहेर पडू नका. आमच्या हिने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती शेवटपर्यंत बॅगेत, बॅग कपाटात आणि कपाटाला कुलूप.

मग आतल्या व्हरांड्यांतून हिंडा. भिंतींवर जुने फोटो, नकाशे, रेल्वेची पोस्टरं लावलेली आहेत. १९४७ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज राणी आणि दोन्ही मुलींना घेऊन इथे उतरला होता. इकडे आपल्या देशातून त्यांचा गाशा गुंडाळायला चार महिने उरले होते, हे तो फोटो बघताना माझ्या डोक्यात आल्याशिवाय राहिलं नाही. अंगणात एक जुनी ट्रॉली ठेवलेली आहे, ती नक्की बघा. १९२० पासून १९५७ पर्यंत पाहुण्यांना हॉटेलातून धबधब्यापर्यंत अशा ट्रॉल्यांत बसवून छोट्या रुळांवरून नेत. ढकलायला माणसं. आमच्याकडेही इंजिनिअर साहेबाची ट्रॉली असायची, साहेब छत्रीखाली आणि चार ट्रॉलीमन रुळावरून अनवाणी पळणारे. म्हणून मला त्या ट्रॉलीत बसून फोटो काढावासा वाटला नाही. तुम्हाला वाटला तर काढा, पण ती ढकलणाऱ्यांची नावं कुठल्याच भिंतीवर नाहीत एवढं ध्यानात असू द्या.

दुपारी गच्चीवर चहा. याला ते ‘हाय टी’ म्हणतात. तीन मजली स्टँड येतो, खाली सँडविच, मध्ये स्कोन म्हणजे जाडसर गोडसर पाव, वर केक. एक स्टँड दोघांना पुरून उरतो, म्हणून दोघांत एकच सांगा, तिथे कुणी नाक मुरडत नाही. सँडविचात मासे किंवा मांस असतं, आपल्याला शाकाहारी हवं तर सकाळीच सांगून ठेवायचं. एक आतली गोष्ट: या चहासाठी हॉटेलात उतरलेलंच असावं लागत नाही. बजेट अगदीच बसत नसेल तर गावात साध्या लॉजवर राहा आणि एक दुपार इथे येऊन बसा. हॉटेलचा निम्मा आनंद त्यात मिळतो, हे मी उगाच सांगत नाही.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणसापुढे पास्ता येतो, दुसऱ्या दिवशीही पास्ताच. त्यापेक्षा वेटरला ‘सादझा’ मागा. पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड असते ती, हाताने गोळा करून खायची. सोबत ‘मुरिवो उने डोवी’ आहे का विचारा. पालेभाजी शेंगदाण्याचं कूट घालून शिजवलेली. आपल्या माणसाला आणखी काय पाहिजे! आमची ही मागणी ऐकून आमच्या वेटरचा चेहरा असा काही खुलला, की पुढे रोज तोच येऊन विचारायचा. मोठ्या डायनिंग हॉलमध्ये रात्री जेवायचं असेल तर बूट आणि कॉलरचा शर्ट पाहिजे. चप्पल नको.

धबधब्याला हॉटेलच्या मागच्या फाटकातून पायवाट जाते, दहा-पंधरा मिनिटांची. वाटेत हत्तीही येतात, म्हणून निघण्याआधी फाटकावरच्या रखवालदाराला विचारा आणि तो थांबा म्हणाला तर गुमान थांबा. अंधार पडल्यावर ही वाट धरायची नाही, टॅक्सी करायची. उद्यानाच्या दारात रेनकोट भाड्याने मिळतात, पण आपला नेलेला बरा. मोबाइलला प्लास्टिकची पिशवी हवीच.

आत गेल्यावर घाई करू नका. धबधबा १,७०८ मीटर रुंद आणि १०८ मीटर खोल आहे, एका नजरेत मावत नाही. काठाने आकडे घातलेल्या जागा आहेत, डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी प्रवाशाच्या पुतळ्यापासून सुरू करून शेवटच्या टोकापर्यंत जायचं. १८५५ च्या नोव्हेंबरात तो इथे आला, पण त्याला इथवर आणणारे इथलेच लोक होते. इंद्रधनुष्यासाठी सूर्य पाठीशी लागतो, म्हणजे सकाळी पश्चिमेला तोंड, दुपारनंतर पूर्वेला. शेवटच्या टोकाला कठडा नाही आणि दगडावर शेवाळ आहे. तिथे बसून पुढे सरका, उभं राहून शौर्य दाखवू नका.

दगड मात्र हात लावून बघा. बेसाल्ट आहे, वेरूळ-अजिंठ्याची लेणी ज्यात कोरलीत त्याच जातीचा काळा पाषाण, फक्त वयाने आपल्या दख्खनच्या पाषाणाहून बराच थोरला. त्यातल्या भेगांत पाणी शिरून नदी कडा मागे मागे खात आली. पुलाखालून नागमोडी जाणारी घळ दिसते ना, तिचं एकेक वळण म्हणजे कधीकाळचा धबधबाच.

आणि पूल. हद्दीच्या चौकीवर पासपोर्ट दाखवला की नुसतं पुलापर्यंत जाऊन यायचा पास मिळतो, झांबियाचा व्हिसा लागत नाही. इंग्लंडात डार्लिंग्टनला तयार झालेले भाग इथे आणून दोन्ही काठांकडून जोडत आणले. ३१ मार्च १९०५ ला संध्याकाळी कमान मध्यावर आली तर दिवसभराच्या उन्हाने लोखंड वाढलेलं, इंचभराने बसेना. रात्री ते निवलं आणि १ एप्रिलच्या सकाळी बरोब्बर बसलं. उन्हाळ्यात भर दुपारी रुळांवर गस्त घालणाऱ्या आमच्या गँगमनला हे सांगितलं तर त्याला काहीच नवल वाटणार नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात चार्ल्स डार्विनच्या मुलाच्या, प्राध्यापक जॉर्ज डार्विनच्या हस्ते पुलाचं उद्घाटन झालं. खाली पाणी १२८ मीटरवर. धबधब्याच्या एवढ्या जवळून रूळ नेण्यात शहाणपण काय, असं रेल्वेवाला म्हणून मला वाटलं. पण ऱ्होड्सलाच गाडीवर तुषार पडायला हवे होते म्हणे. मालक हौशी असला की ड्रायव्हरचं कोण ऐकतो.

निघायच्या आदल्या रात्रीच बिल मागून घ्या आणि ओळ न् ओळ वाचा, सकाळी काउंटरवर विमानतळाला जाणाऱ्यांची झुंबड असते. नाश्ता भाड्यात धरलाय का, चहाचा स्टँड दोनदा लागला नाही ना, हे तेव्हाच बघायचं. टिप खोली आवरणाऱ्या बाईच्या आणि वेटरच्या हातात वेगवेगळी द्या. सामान उचलणारा पोऱ्या शेवटी येतो आणि तोवर आपल्या खिशात फक्त पन्नासची नोट उरलेली असते, म्हणून त्याचे दोन डॉलर पहिल्या दिवशीच पासपोर्टच्या कव्हरात घालून ठेवा.