सड्याखाली बॉक्साइट किती? अभयारण्यात ड्रिल न लावता अंदाज कसा बांधायचा

दर वर्षी जानेवारीत एखाददुसरं पोरगं माझ्या दारात येतं. एम. एस्सी. जिऑलॉजीचं शेवटचं वर्ष, विषय ठरलेला: राधानगरी अभयारण्याच्या भागातला बॉक्साइट, म्हणजे ज्यातून ॲल्युमिनियम काढतात तो खडक. हातात नवाकोरा हातोडा. मी आधी तो हातोडा काढून घेते, मग चहा टाकते.

हातोडा काढून घेण्याचं कारण साधं आहे. 1927 च्या भारतीय वन अधिनियमात वनउपज कशाला म्हणायचं याची यादी आहे. त्यात मध आणि लाख आहे, दगड आणि खनिजंही आहेत. जांभा तर नाव घेऊन लिहिलाय. अभयारण्यातून मुठीएवढा जांभा सॅकमध्ये टाकला तरी तुम्ही विनापरवाना वनउपज उचललेली असते. त्यामुळे पहिलं काम अर्ज. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. अर्जात 'भूशास्त्रीय अभ्यास' एवढंच मोघम लिहू नका. नमुने किती, प्रत्येकी किती किलो, कोणत्या कड्यावरून, सोबत कोण, मुक्काम कुठे, सगळं लिहा. जितकं नेमकं लिहाल तितके हेलपाटे वाचतात.

मग पोरं विचारतात, खाण होणारच नाही तर मोजायचं कशाला? प्रश्न बरोबर आहे. 26 एप्रिल 2023 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय की राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य आणि त्यांच्या हद्दीपासून 1 किमीच्या आत खाणकाम चालणार नाही. पण तुम्ही मोजलं नाही तर दुसरं कोणी तरी मोजतं, तेही ऑफिसात बसून, नकाशावर फूटपट्टी ठेवून. असा फुगवलेला आकडा एकदा छापला गेला की हद्द जरा इकडे सरकवता येईल का, याची कुजबुज सुरू होते. अमेरिकेनं 1964 च्या कायद्यानं रानं राखीव केली तेव्हा त्याच कायद्यात त्यांच्या भूशास्त्र खात्याला आणि खाण ब्युरोला या जमिनींची खनिज पाहणी करायला लावलं, आणि नवे खाणदावे 1983 च्या अखेरपर्यंत चालू ठेवले. ते शेवटचं कलम मला पटत नाही. पण पाहणी सरकारी माणसांनी करायची आणि निष्कर्ष उघड ठेवायचे, हे पटतं.

आता कागदावरचं काम. सर्वे ऑफ इंडियाची टोपोशीट (उंचसखलपणा दाखवणारा नकाशा) 47 एच/15 आणि तिच्या शेजारच्या शीट घ्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवरून 1:50,000 चा भूशास्त्रीय नकाशा उतरवा. अधिसूचनेतली अभयारण्याची हद्द त्यावर चढवा, बाहेरून 1 किमीची रेघ मारा. मग मे महिन्याचं उपग्रहचित्र उघडा. त्यात हजार मीटरच्या आसपासचे सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची जांभ्याची सपाट पठारं, टक्कल पडल्यासारखे दिसतात. एकेक सडा वेगळा आखा, क्षेत्रफळ काढा, नाव लिहा. नकाशात नाव नसेल तर वाडीत विचारा. प्रत्येक सड्याला नाव असतंच.

हद्दीबाहेरच्या जुन्या खाणींकडे पोरं दुर्लक्ष करतात, आणि खरा अभ्यास तर तिथंच होतो. खाणीच्या भिंतीत अख्खा छेद उघडा असतो, कोणाच्या घरट्याला धक्का न लावता वाचता येतो. सगळ्यात वर लोखंडी, काळपट-तांबडा कडक थर, त्यावर चालताना बूट खणखणतो. त्याखाली बॉक्साइट: फिकट, मळकट गुलाबी ते पिवळसर, बऱ्याचदा वाटाण्याएवढ्या गोल दाण्यांचा. त्याखाली लिथोमार्ज म्हणजे पांढरट-जांभळी चिकणमाती. आणि तळाला कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटणारा कुजका बसाल्ट, म्हणजे सह्याद्रीचा काळा खडक. आधी दोन दिवस बाहेरच्या खाणीत बसून हा क्रम डोळ्यात भरून घ्या, मग अभयारण्यात जा.

आत गेल्यावर कडे, ओढ्यांनी कापलेल्या घळी, जुनी विहीर, रस्त्याची कापणी, दरड कोसळलेली जागा, एवढ्याच ठिकाणी काम करायचं. सड्याच्या माथ्यावरचा सुटा दगड उलटायचा नाही. त्याखाली पाल, बेडूक, विंचू असं कोणी ना कोणी राहत असतं आणि दगड परत ठेवला तरी तो तसा बसत नाही. पावसाळ्यात माथ्यावर जाऊच नका, तेव्हा पायाखाली कंद आणि रोपं असतात. मला विचाराल तर काम फेब्रुवारी आणि मे अशा दोन खेपांत करा. दोन का, ते पुढे सांगते.

तुकडा हातात घेऊन ओळखायच्या खुणा तीन. तुकडा घासल्यावर विटकरी किंवा तांबडी रेघ उमटली तर त्यात लोह जास्त. तेवढ्याच आकाराच्या जांभ्यापेक्षा तुकडा हलका लागला तर बॉक्साइटची शक्यता. तुकड्यावर तोंडानं वाफ सोडा. पहिल्या पावसाचा मातीचा वास आला तर चिकणमाती मिसळलीय, म्हणजे सिलिका वाढली. हातात धरायच्या एक्सआरएफ बंदुकीवर, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर, फार विसंबू नका. ॲल्युमिनियम हलकं मूलद्रव्य, नमुना ओला असला की ती हमखास कमी दाखवते. प्रयोगशाळेला नुसता एकूण ॲल्युमिना मागू नका. कॉस्टिक सोड्यात विरघळणारा ॲल्युमिना आणि तो सोडा खाणारी क्रियाशील सिलिका, हे दोन्ही मागा. बॉक्साइट कामाचा की नुसता शोभेचा, ते यावरून ठरतं.

घनता घरीही काढता येते. कोरडा तुकडा वितळलेल्या मेणात बुडवून काढा, हवेत तोला, मग पाण्यात टांगून तोला. मेण का, तर बॉक्साइट स्पंजासारखा पाणी पितो आणि उत्तर चुकतं. माझ्या स्वयंपाकघरातल्या एका पातेल्याला अजून मेण चिकटलेलं आहे.

आता माझी चूक सांगते, कारण ती प्रत्येक जण करतो. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका सड्याचा अंदाज मी काढला होता. कड्यावर पाच ठिकाणी थर मोजला, सरासरी 3 मीटर आली. सडा 60 हेक्टरचा, म्हणजे 6 लाख चौरस मीटर. गुणिले 3, गुणिले घनता 2: 36 लाख टन. वरिष्ठ खूश. सडा हद्दीबाहेर असल्यानं पुढे तिथं खड्डे घेतले गेले, आणि आतल्या भागात थर कुठे दीड मीटर, कुठे मुळीच नाही, नुसता तांबडा जांभा. झालं असं होतं की काठावर पाण्याचा निचरा चांगला, सिलिका आणि लोह धुऊन जातं, म्हणून काठाचा थर जाड आणि चांगला. मध्यभागी पाणी मुरत, तुंबत राहतं. म्हणजे मी भाकरीची फक्त कड बघून अख्ख्या भाकरीचा अंदाज बांधला होता. थर 60 टक्के भागातच आणि सरासरी दीड मीटर धरला तर तोच सडा 10.8 लाख टनांवर येतो. पण 36 चा आकडा फायलीत कित्येक वर्षं तसाच फिरत राहिला. आपला आकडा मागे घेताना काय यातना होतात ते मला विचारा.

म्हणून अभयारण्यात जिथं खड्डा घेता येत नाही तिथं एक आकडा लिहायचाच नाही. खालचा आणि वरचा असे दोन लिहा, आणि शेजारी दोन शेरे द्या. पहिला शेरा शक्यतेचा: जास्त, मध्यम, कमी. दुसरा खात्रीचा: अ, ब, क, ड. अ म्हणजे माहिती अपुरी, ड म्हणजे माहिती भक्कम. राखीव रानांच्या पाहणीत अमेरिकन भूशास्त्रज्ञांनी ही पद्धत बसवली आणि ती इथंही चालते. 'कमी' आणि 'माहीत नाही' यांची गल्लत करू नका. आपल्याकडच्या जी-4 (प्राथमिक पाहणी) ते जी-1 (सविस्तर शोध) या टप्प्यांत बोलायचं तर कड्यावरून केलेलं काम जी-4 च्या पुढे जात नाही. अहवालाच्या पहिल्या पानावर तसं ठळक लिहा.

अहवालातला ऊर्जेचा, म्हणजे कोळसा-तेलाचा, रकाना मी दोन ओळींत उरकते. बसाल्टच्या पोटात काय आहे ते वरून कळत नाही. कोयनेजवळ रासाटीला 1522 मीटरचं बोअर घेतलं गेलं, तेव्हा सुमारे 930 मीटरवर बसाल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइटी खडक लागला, मध्ये गाळाचा खडक नाहीच. गाळाचा खडक नाही तर कोळसा-तेलाची आशाही नाही. पण ते ठिकाण इथून शंभरेक किमी लांब, म्हणून शक्यता 'कमी', खात्री 'ब'.

आणि आता दोन खेपांचं कारण. एका धनगरवाड्याखाली मी लिथोमार्जचा माथा शोधत होते. गवताचा भारा घेऊन एक आजी आली.

"काय हुडकताय बाई दगडात?"

"थर कुठं संपतोय ते बघतेय, आजी."

"त्यात काय बघायचंय? झरा हाय न्हवं, तितंच संपतंय."

तिनं बोट दाखवलं तिथं खरंच संपर्करेषा होती. वरचा सच्छिद्र जांभा आणि बॉक्साइट पाणी धरतो, खालची चिकणमाती ते अडवते, आणि दोघांच्या सांध्यातून झरा फुटतो. मी सकाळपासून टेप लावून जे शोधत होते ते तिला पाणी भरता भरता ठाऊक झालं होतं. तेव्हापासून माझ्या यादीत पहिला प्रश्न झऱ्यांचा असतो. झऱ्यांच्या जागा नकाशावर मांडल्या की थराचा तळ आपोआप आखला जातो, तोही एक दगड न फोडता.

झरा मोजायला 10 लिटरची बादली आणि घड्याळ पुरतं. तीन वेळा भरा, सरासरी घ्या. फेब्रुवारीत तो झरा 25 सेकंदांत बादली भरत होता, म्हणजे दिवसाला साधारण 34,500 लिटर. मे महिन्यात 70 सेकंद लागले: 12,300 लिटर. आजी म्हणाली, "आटत न्हाई, पर आजारी पडतोय." हे दोन्ही आकडे परिशिष्टात ढकलू नका. टनांचा रकाना जिथं आहे त्याच्या लगतच्या रकान्यात, त्याच सड्याच्या नावापुढे घाला. खाली किती वाड्या त्या झऱ्यावर पाणी भरतात, तेही तिथंच लिहा.

हातोडा जाताना परत मिळेल.