नाताळच्या सुट्टीत इमॅजिका: या चुका टाळा

खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका हे थीम पार्क एरवी मंगळवार-बुधवारी आरामात फिरून होतं. २५ डिसेंबर ते १ जानेवारी या आठवड्यात मात्र गणित बदलतं. राइड तेवढ्याच, माणसं दुप्पट-तिप्पट. त्यामुळे दिवस वाया जातो तो बहुतेक वेळा रांगेत, आणि रांगेतल्या बहुतेक चुका घरीच टाळता येतात.

मुलांची उंची न मोजता निघणं

सगळ्यात जास्त रडारड याचीच. नऊ वर्षांचा मुलगा तासभर रांगेत उभा राहतो, पुढे मापपट्टीखाली दोन बोटं कमी भरतो आणि परत फिरतो. वय सांगून, विनवण्या करून उपयोग नाही. खांद्यावरचा किंवा मांडीवरचा अडसर ठरावीक उंचीच्या शरीरासाठी बनवलेला असतो. छोटं मूल त्यातून निसटू शकतं. म्हणून आदल्या दिवशी चपला काढून भिंतीला टेकवून उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडची अट बघा आणि मुलांना घरीच सांगून टाका: ही मिळेल, ती नाही. बूट घालून मोजलं तर भलतीच आशा लागते. लहान मुलांचं तिकीटही उंचीवर ठरतं, त्यामुळे बुकिंगच्या आधीच मोजलेलं बरं.

गेट उघडल्यावर सगळ्यांच्या मागे जाणं

आत शिरल्यावर लोक फोटो काढतात, नाश्ता करतात, मग दिसेल त्या पहिल्या राइडला उभे राहतात. तुम्ही उलट करा. नाश्ता वाटेत उरका आणि मोठी मुलं असतील तर थेट नायट्रोकडे चला. साधारण ४० मीटर उंचीची, ताशी १०५ किलोमीटर वेगाची, पायाखाली फळी नसलेली ही रोलरकोस्टर दुपारी गाठणं म्हणजे अर्धा दिवस तिला देऊन टाकणं. त्यानंतर स्क्रीम मशीन, डीप स्पेस. घरात फक्त चिल्लीपिल्ली असतील तर नायट्रोच्या वाटेलाच जाऊ नका. आधी टबी, हम्प्टी असल्या छोट्या राइड संपवा, कारण एका फेरीत तिथे मोजकीच मुलं बसतात आणि रांग छोटी दिसली तरी हलत नाही.

रांग किती वेळ खाईल हे लांबीवरून ठरवू नका. घड्याळ लावून बघा: एका फेरीत २४ माणसं बसत असतील आणि दर ३ मिनिटांनी फेरी सुटत असेल, तर तासाला ४८० माणसं जातात. पुढे २४० दिसत असतील तर अर्धा तास. तीच रांग १२ जणांच्या राइडला असेल तर तासभर. रांग टाळण्यासाठी जादा पैसे देऊन मिळणारा एक्स्प्रेस पास घ्यायचा की नाही, हेही यावरच ठरवा. गर्दीच्या आठवड्यात चौघांच्या कुटुंबाला तो महाग पडतो. सकाळी वेळेवर पोचत असाल तर आमच्या मते गरज नाही.

दुपारी ऊन चढलं की मिस्टर इंडिया, आय फॉर इंडिया, अलिबाबा अशा छताखालच्या गोष्टी धरा. राजासॉरस आणि स्प्लॅश अहॉयमध्ये भिजायला होतं, तेव्हा त्या दोन-अडीचच्या आत. संध्याकाळी सहाला ओल्या जीन्सवर वारा लागला की मुलं कुडकुडतात. एक कोरडा जोड जवळ असू द्या.

थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवसात

सुट्टीच्या आठवड्यात दोन्ही अर्धवट राहतात. वॉटर पार्कमध्ये सुती कपडे, साडी, जीन्स चालत नाहीत. नायलॉनचा पोहण्याचा पोशाख लागतो. घरून नेला नाही तर तिथे भाड्याने घ्या नाहीतर विकत, आणि त्याचीही रांग.

बिनसलं तर

मळमळ: जेवणानंतर पाऊण तास गोल फिरणारी राइड नको. झालीच तर सावलीत बसवा, लांबवरच्या स्थिर गोष्टीकडे बघायला सांगा, घोट घोट पाणी द्या.

राइड मध्येच बंद पडली: कर्मचाऱ्याला एकदाच विचारा. किती वेळ लागेल ते सांगता येत नसेल तर रांग सोडा.

मूल हरवलं: मनगटावर पालकाचा नंबर बॉलपेनने लिहिलेला असावा आणि सकाळीच त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढलेला असावा. शोधत फिरण्याआधी जवळच्या सुरक्षारक्षकाला तो दाखवा.

पाठदुखी, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर वेगवान राइड नकोच. चष्म्याला दोरी बांधा, मोबाईल लॉकरमध्ये.

परतीची घाई

पुणेकरांचा फसगतीचा भाग इथे. शनिवारी मुंबईकडून येणारी गर्दी बोरघाट चढत असते आणि तुम्हीही त्यातच. एक्स्प्रेसवे तुंबला म्हणून शिंग्रोबाच्या देवळाच्या बाजूने जुना रस्ता धरला, तरी अमृतांजन पूल होता त्या भागात तो एक्स्प्रेसवेलाच येऊन मिळतो आणि खंडाळ्यापर्यंत वाट एकच. खोपोलीत जेवून, नकाशावर घाटाचा लाल रंग उतरला की निघा. रविवारी रात्री कोंडी मुंबईच्या दिशेला असते, तेव्हा ठाणे-मुंबईकरांनी शेवटच्या परेडची वाट न बघता पार्किंग आधी गाठावं.