मेट्रो अचानक बंद झाली तर काय काय करून ठेवायचं (वॉशिंग्टन परिसरातल्यांसाठी)

मेट्रो बंद करताना कोणी आठवडाभर आधी सांगत नाही. 15 मार्च 2016 ला, मंगळवारी दुपारी जाहीर झालं आणि त्याच मध्यरात्री अख्खं जाळं बंद. 29 तास, थेट गुरुवारी पहाटे पाचपर्यंत. सोमवारी मॅकफर्सन स्क्वेअरजवळच्या बोगद्यात केबल पेटली होती. 2015 च्या जानेवारीत लाँफाँ प्लाझाजवळ धुरात एक प्रवासी दगावल्यावर पुन्हा तसंच काही म्हटल्यावर सुमारे 600 केबल एकदम तपासायला घेतल्या. 26 ठिकाणी दोष निघाले. त्यातले तीन इतके वाईट, की आधी दिसले असते तर गाड्या सोडल्याच नसत्या. तेव्हा कुरकुर पुरे, तयारीला लागा.

बातमी कळली की सगळ्यात आधी डे-केअरला फोन. ऑफिसला नाही, डे-केअरला. मुलाला न्यायला येणाऱ्यांच्या यादीत तिसरं नाव आहे का, ते विचारा. आई-बाबा दोघांची नावं आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. त्या संध्याकाळी दोघंही डाउनटाउनला अडकलेले असणार. नाव बेल्टवेच्या (शहराभोवतीच्या रिंगरोडच्या) बाहेर, घराजवळ राहणाऱ्याचं हवं. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं होतं. फोनवर 'आमच्या शेजारच्या काकू येतील' म्हटलं तर मूल देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. लेखी द्या, ओळखपत्रावर आहे तसंच पूर्ण नाव द्या. काकू कितीही जवळच्या असल्या तरी काउंटरवरच्या मुलीला 'काकू' कळत नाही. आजी भारतातून आलेली असेल तर तिचंही नाव घाला आणि तिचा पासपोर्ट कपाटातून काढून हाताशी ठेवा. गाडीने नेणार असतील तर कार सीट सकाळीच डे-केअरमध्ये सोडून या. तुमच्या गाडीत बसवलेली सीट काकूंच्या काय कामाची?

मग ऑफिस. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना त्या बुधवारी घरून काम करायची किंवा ऐनवेळी रजा घ्यायची मुभा होती. आपण बहुतेक कंत्राटदाराच्या पगारावर, ती मुभा आपोआप आपल्याला लागू होत नाही. मॅनेजरकडून आदल्या रात्रीच ईमेलवर उत्तर घ्या. लॅपटॉप घरी आणा, हे सांगायला नको.

जावंच लागणार असेल तर रॉकव्हिलवाल्यांना मार्क ट्रेन (मेरीलँडची लोकल) आहे, मेट्रोच्याच स्टेशनातून सुटते, युनियन स्टेशनला सोडते. पण त्या मार्गाच्या गाड्या सकाळी शहराकडे आणि संध्याकाळी परत. दुपारी मुलाला ताप आला म्हणून फोन आला तर परतीची गाडी मिळेल हे विसरा. व्हर्जिनियाच्या व्हीआरई या लोकलचंही तेच. आणि मेट्रोच्या स्मार्टट्रिप कार्डावर भरवसा ठेवू नका, तिकीट वेगळं काढा, रात्रीच ॲपवर काढून टाका. मेट्रोबस चालू असते, पण आत शिरायला मिळेलच असं नाही. उबरने त्या दिवशी वाढीव दराला मर्यादा घातली होती, ती 3.9 पटीची! चार पट भाडं द्यायचं नसेल तर चौघं मिळून एक गाडी ठरवा. त्यांच्यापैकी परत कोण किती वाजता निघणार, ते सकाळीच पक्कं करा, कारण जाताना सगळे उत्साही असतात आणि पाचला प्रत्येकाची एक मीटिंग निघते.

एव्हाना यादीत नाव गेलं का? डे-केअरकडून तसा उलट ईमेल आला का? 'सांगून ठेवलंय' ही पोच नव्हे. उशीर झाला की मिनिटामिनिटाला दंड लागतो. तो परवडेल एकवेळ, पण दारात जॅकेट घालून बसलेलं मूल नाही परवडत.

दिवसभरासाठी चालायचे बूट, चार्जर, छत्री. रॉस्लिनवाल्यांनो, नदीवरच्या 'की ब्रिज'वरून जॉर्जटाउन चालत गाठता येतं. भाड्याची सायकल घेणार असाल तर डाउनटाउनला ती लावायला जागा मिळतेय का, ते ॲपवर आधी बघा.

संध्याकाळी लवकर निघा. कोणाला किती वाजता निघालात ते कळवा. काकूंना फोन करा.

दुसऱ्या दिवशी सुरू झाली तरी आपली लाइन सुरू आहे का ते बघूनच निघा. आणि एकदा तपासणी झाली म्हणून सुटलो असं नाही: 2016 च्या जूनपासून जवळपास वर्षभर सेफट्रॅकच्या नावाखाली तुकड्या-तुकड्याने दुरुस्त्या चालल्या होत्या. काकूंचं नाव यादीतून काढू नका.