कॉर्न स्नेकची अंडी अडकली तर

इंग्लंडमधल्या लेस्टरला आमच्या घरी केशर आहे, सात वर्षांची कॉर्न स्नेक, म्हणजे बिनविषारी पाळीव साप. नराशी कधी गाठ नाही, तरी गेल्या वर्षी तिने अंडी धरली. माद्या अशी वांझ अंडी घालतात, आणि तीही अडकू शकतात.

अंडी घालण्याआधी मादी कात टाकते. त्यानंतर साधारण दहा ते चौदा दिवस धरा. कात पडली की लगेच झाकणाच्या डब्याला ती आत शिरेल एवढं भोक पाडून आत ओलसर शेवाळ (मॉस) भरा. शेवाळ पिळल्यावर पाणी गळता कामा नये. तिच्या पिंजऱ्याची उबदार बाजू २८ अंशांच्या आसपास ठेवा आणि तिला सारखं उचलू नका.

केशरने अकरा अंडी घातली आणि थांबली. शेपटी सुरू होण्याच्या जरा आधी, पोटाच्या मागच्या भागात दोन फुगवटे तसेच दिसत होते. अशा वेळी वेळ लिहून ठेवा. ४८ तासांत बाकीची आली नाहीत, तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडेच न्या. ती मलूल पडली किंवा मलद्वारातून लाल मांस बाहेर आलं, तर तेवढंही थांबू नका. ते मांस सलाइनने ओलं ठेवून तडक निघा.

अंडं बोटांनी दाबून पुढे सरकवू नका, कृपा करून. अंडनलिका फाटू शकते. मलाही मोह झाला होता, हात मागे घेतला.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला, सुईने अंड्यांतला द्रव ओढून घेतला. आकसलेली अंडी तिने दुसऱ्या दिवशी स्वतःच टाकली. नाहीतर शस्त्रक्रियाच होती.