विद्यापीठ ग्रंथालयाच्या दुर्मिळ विभागात जुने मराठी पुस्तक कसे मागावे आणि कसे पाहावे

एकोणिसाव्या शतकातले एखादे मराठी पुस्तक, पोथी किंवा मोडी कागद पाहण्यासाठी पहिल्यांदाच विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाणाऱ्या वाचकाची समजूत अशी असते की, पुस्तक तिथे आहे एवढे कळले की काम झाले. प्रत्यक्षात दुर्मिळ विभागाची कपाटे वाचकाला उघडी नसतात. आपण मागणीच्या चिठ्ठीवर जे लिहून देतो तेवढ्याच आधारावर कर्मचारी आत जाऊन शोध घेतो, आणि चिठ्ठी मोघम असली तर ती ‘मिळत नाही’ असा शेरा घेऊन परत येते. अशा वेळी बहुधा पुस्तक नसते असे नाही. ते ज्या नावाखाली नोंदलेले असते ते नाव आपण लिहिलेले नसते. म्हणूनच पुढील मजकुराचा बराच भाग वाचनकक्षात पाऊल टाकण्यापूर्वीच्या तयारीविषयी आहे.

कुठे जायचे आणि आधी काय पाहायचे

विषयानुसार ग्रंथालय बदलते. मुंबईत राजाबाई टॉवरखालचे विद्यापीठाचे जुने ग्रंथालय आहे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात जयकर ग्रंथालय आहे. मराठ्यांच्या इतिहासाची अस्सल कागदपत्रे हवी असतील, तर आज अभिमत विद्यापीठ असलेल्या डेक्कन कॉलेजात चौकशी करावी, कारण इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी साताऱ्यात जमवलेला संग्रह १९३९ साली तिथे आणला गेला. गोव्याच्या इतिहासावर काम करणाऱ्याने गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयातला इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांचा ग्रंथसंग्रह पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

परंतु ग्रंथालय निवडण्याआधी पुस्तकाची ओळख पक्की करायला हवी. त्यासाठी शंकर गणेश दाते यांनी तयार केलेली मराठी ग्रंथसूची हे पहिले साधन आहे. तिचा पहिला खंड १८०० ते १९३७ या काळातल्या मुद्रित मराठी पुस्तकांची नोंद देतो. लेखक, प्रकाशनवर्ष, आवृत्ती आणि पृष्ठसंख्या हा तपशील सूचीतून उतरवून घेतला की, आपण मागतो आहोत ती पहिली आवृत्ती की तिसरी, हा गोंधळ टळतो. दुसरे साधन सरकारी आहे. १८६७ च्या २५ व्या कायद्याने छापखान्यांना प्रत्येक पुस्तकाची नोंदणी करणे भाग पडले, आणि त्या नोंदींच्या त्रैमासिक याद्या मुंबई सरकारच्या गॅझेटला जोडून प्रसिद्ध होऊ लागल्या. या याद्यांमध्ये पुस्तकाची किंमत, किती प्रती काढल्या आणि ते शिळाप्रेसवर (दगडावरून) छापले की जुळवलेल्या खिळ्यांवर, एवढा बारकावा सापडतो. पुस्तक स्वतः नष्ट झाले असले तरी ते किती प्रतींत निघाले होते, हे पुष्कळदा या याद्यांवरून सांगता येते. मला स्वतःला या याद्या कित्येक पुस्तकांपेक्षा अधिक वाचनीय वाटतात.

आता ग्रंथालयाच्या तालिकेकडे, म्हणजे कॅटलॉगकडे वळावे. संगणकावरच्या तालिकेत दुर्मिळ विभागातले सगळे आलेले असेलच असे मानू नये. जुन्या तालिकापत्रांचे खण आणि दाखल नोंदवह्या अजून कुठे ठेवल्या आहेत, हे ग्रंथपालांना विचारावे. शोधताना चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. जुन्या युरोपीय पद्धतीच्या तालिकांमध्ये भारतीय लेखक आडनावाखाली नव्हे, तर स्वतःच्या नावाखाली नोंदलेला असतो, म्हणजे जांभेकर ‘ज’मध्ये न सापडता बाळशास्त्री म्हणून ‘ब’मध्ये सापडतात. रोमन लिपीत केलेल्या नोंदींत दीर्घ ई आणि ऊ ‘ee’, ‘oo’ अशा दुहेरी अक्षरांनी दाखवलेले असतात, त्यामुळे एकाच आडनावाची तीन-चार स्पेलिंगे करून पाहावी लागतात. पोथ्यांच्या बाबतीत ‘अथ’ आणि ‘श्री’ या आरंभीच्या शब्दांमुळे शीर्षक भलत्याच अक्षराखाली गेलेले असते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच सर्वांत कमी सांगितली जाते. जुन्या ग्रंथालयांत पाच-सहा लहान पुस्तके एकत्र बांधून एकच खंड करण्याची पद्धत होती, आणि नोंद मात्र कित्येकदा पहिल्याच पुस्तकाची झाली. हवे ते चोपडे सापडत नसेल, तर त्याच काळातले, त्याच आकाराचे आणि त्याच विषयाचे बांधीव खंड मागवून त्यांची पाने चाळावीत. मी एकदा अशाच एका खंडातून तीन दिवस टिपणे काढली, पण खंडातले कितवे पुस्तक ते लिहून ठेवले नाही. तळटीप देण्याची वेळ आली तेव्हा खंडाचा दाखल अंक, म्हणजे ग्रंथालयाने त्या प्रतीला दिलेला नोंदणी क्रमांक, हाताशी होता आणि पुस्तकाची जागा नव्हती, म्हणून तेवढ्या एका ओळीसाठी पुन्हा रात्रीची गाडी पकडून त्या गावी जावे लागले.

नियतकालिकांच्या बाबतीत एका शब्दाने नवख्यांची हमखास फसगत होते. जुन्या मासिकांवर ‘पुस्तक ३ रें, अंक ७ वा’ असे छापलेले असते, आणि तिथे ‘पुस्तक’ म्हणजे आजच्या भाषेत खंड किंवा वर्ष. चिठ्ठीवर पुस्तक, अंक आणि महिना असे तिन्ही लिहावेत. पहिल्या वर्षांचे अंक मागताना आरंभाची तारीख माहीत असावी. ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला आणि ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ ला निघाला, त्याआधीचा अंक मागितला तर समोरच्या माणसाला आपल्या तयारीचा अंदाज येतोच.

परवानगी

याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. त्या विद्यापीठाचा विद्यार्थी नसलेल्याने ओळखपत्राची प्रत, मार्गदर्शकाचे किंवा आपल्या संस्थेचे पत्र आणि ग्रंथपालांच्या नावे एक अर्ज सोबत न्यावा. अर्जात विषय एका वाक्यात, हव्या असलेल्या ग्रंथांची यादी आणि येण्याच्या तारखा लिहाव्यात. कोणत्याही संस्थेशी संबंध नसलेला हौशी अभ्यासक असल्यास तसे सरळ लिहावे. यादी नेमकी असेल तर अशा अर्जालाही सहसा नकार मिळत नाही. निघण्यापूर्वी फोन करून विभागाची वेळ, सुट्ट्या आणि शुल्क विचारून घ्यावे, कारण मुख्य ग्रंथालय रात्रीपर्यंत उघडे असले तरी दुर्मिळ विभाग बहुधा कार्यालयीन वेळेतच चालतो आणि जेवणाच्या सुट्टीत बंद असतो. नुसते ‘जुनी पुस्तके बघायची आहेत’ असे सांगू नये.

टेबलावर

पिशवी, डबा आणि पाण्याची बाटली बाहेर ठेवावी लागते. आत शिसपेन्सिल, कोरे कागद, वही आणि परवानगी असल्यास लॅपटॉप न्यावा. शाईचे आणि बॉलपॉइंट पेन खिशातही ठेवू नये. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. पांढरे सुती हातमोजे चित्रफितींत छान दिसतात, पण कागदासाठी ते योग्य नाहीत, कारण मोज्यातून कागदाची जाडी बोटांना जाणवत नाही आणि पानाची कड धाग्यात अडकून फाटते. छायाचित्रे आणि काचेच्या निगेटिव्ह हाताळताना मात्र मोजे घालावेत.

जुने म्हणजे नाजूक आणि नवे म्हणजे टिकाऊ असा हिशेब इथे चालत नाही. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागदावरची अठराव्या शतकातली पोथी कसरीने किंवा वाळवीने खाल्लेली नसेल, तर अजून निर्धास्तपणे उलटता येते. उलट १९१० च्या सुमाराचे स्वस्त छपाईचे पुस्तक उघडताच पानाचा कोपरा पापडासारखा मोडतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद आला. त्याला शाई फुटू नये म्हणून दिलेल्या तुरटी आणि राळेच्या खळीमुळे कागदात आम्ल तयार होते व ते त्याला आतून जाळते. अशा पुस्तकाचे पान वरच्या कोपऱ्याखाली बोट सरकवून, सबंध पानाला तळहाताचा आधार देत उलटावे. पुस्तक पूर्ण सपाट उघडू नये. दोन्ही बाजूंना उशा किंवा गुंडाळलेले कापड मागून घ्यावे. बोटाला थुंकी लावण्याची सवय असेल, तर ती दारातच सोडून यावी. तुटलेला तुकडा सापडला तर तो चिकटवायला न जाता कर्मचाऱ्याच्या हाती द्यावा.

पोथीची रीत वेगळी असते. पाने सुटी असतात, दोन फळ्यांमध्ये ठेवून कापडाच्या बासनात बांधलेली असतात. बासन सोडताना गाठ कशी होती ते पाहून ठेवावे, पाने डावीकडे ठेवलेल्या फळीवर त्याच क्रमाने पालथी घालत जावे आणि एका वेळी एकच पान हातात धरावे. पत्रांक, म्हणजे पानाचा क्रमांक, बहुधा पानाच्या पाठच्या बाजूला समासात असतो, त्यामुळे संदर्भ देताना ‘पत्र १२, पाठची बाजू’ असे लिहावे. पोथीचे शेवटचे पान सर्वांत आधी वाचावे, असा माझा आग्रह आहे, कारण लेखकाचे, नकलकाराचे आणि गावाचे नाव व लेखनाचा काळ तिथल्या पुष्पिकेत, म्हणजे समारोपाच्या मजकुरात असतो. शिळाप्रेसच्या सुरुवातीच्या पुस्तकांतही छापखान्याचे नाव आणि शक पहिल्या पानावर नसून अखेरीस सापडण्याचा संभव असतो.

शक, संवत्सर आणि सन

काळाची नोंद जशी आहे तशीच उतरवून घ्यावी आणि रूपांतर शेजारी कंसात करावे. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, मात्र जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. पुस्तकावर केवळ ‘शके १७७२’ असेल, तर १८५० असे ठोकून न देता १८५०–५१ लिहावे. शक पुसट असून संवत्सराचे नाव वाचता येत असेल, तर पडताळा घेण्याची सोपी युक्ती आहे. शकात १२ मिळवून ६० ने भागावे. बाकी उरते तो साठ संवत्सरांच्या चक्रात पहिल्या प्रभवापासून मोजलेला क्रमांक. शके १५९६ मध्ये १२ मिळवले की १६०८ होतात, ६० ने भागल्यावर ४८ उरतात, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. शिवराज्याभिषेक आनंदनाम संवत्सरातच झाला.

मोडी कागदांत सुहूर सन ही वेगळी कालगणना असते. हा सन अरबी संख्याशब्दांत येतो आणि तो एककापासून उलट लिहिलेला असतो. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७७. सुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुमारास बदलतो. त्यात वर्षाच्या पूर्वार्धासाठी ५९९ आणि जानेवारीनंतर ६०० मिळवावे. वरील सन त्यामुळे १७७६–७७ ठरतो. तारखेआधीचे ‘छ’ हे अक्षर चंद्र सुचवते, म्हणजे पुढे मुसलमानी महिन्याची तारीख आहे. दख्खनच्या फसली, म्हणजे महसुली सनात ५९० मिळवावे लागतात, जानेवारीनंतरच्या भागासाठी ५९१. मोडीत शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, म्हणून काही महिन्यांचा सराव झाल्याशिवाय रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मागवण्यात अर्थ नाही.

टिपणे आणि प्रती

प्रत्येक कागदाच्या माथ्यावर ग्रंथालय, विभाग, दाखल अंक, वर्गांक, बांधीव खंड असल्यास त्यातला क्रम आणि पाहिल्याची तारीख लिहावी. दाखल अंक त्या एकाच प्रतीचा असतो, तर वर्गांक बदललेला असू शकतो, म्हणून दोन्ही हवेत. उतारा घेताना जुने लेखन सुधारू नये: ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पुस्तकांत’ यांवरील अनुस्वार तसेच ठेवावेत. न लागलेल्या अक्षरांची जागा चौकोनी कंसात मोकळी सोडावी, अंदाज समासात लिहावा.

झेरॉक्स यंत्रावर जुने पुस्तक दाबून धरणे म्हणजे त्याची शिवण मोडणे, त्यामुळे ती मागूच नये. परवानगी मिळाल्यास फ्लॅश बंद करून फोनने छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक ग्रंथाच्या आरंभी मागणीच्या चिठ्ठीचे एक छायाचित्र घ्यावे, म्हणजे घरी आल्यावर कोणती पाने कशाची, हा प्रश्न उरत नाही. (छायाचित्रे काढली की वाचल्याचे समाधान होते, हा भ्रम मात्र फार वाईट.) छापील ग्रंथावरचा लेखनहक्क (कॉपीराइट) भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. तो संपला असला तरी ग्रंथालयाच्या प्रतीचे छायाचित्र आपल्या पुस्तकात छापण्यासाठी संस्थेची लेखी संमती वेगळी मागावी.

विभाग बंद होण्याच्या अर्धा तास आधी काम आवरते घ्यावे. पाने मोजून, बासन पूर्वीसारखे बांधून कर्मचाऱ्यासमोर परत करावे, चिठ्ठीवर परतीची सही घ्यावी, आणि उद्याही तेच हवे असेल तर ग्रंथ कपाटात परत न नेता टेबलाजवळ राखून ठेवण्याची विनंती त्याच वेळी करावी, नाहीतर दुसऱ्या दिवशीची अर्धी सकाळ तो पुन्हा खाली येण्याची वाट पाहण्यात जाते.