नेब्युलायझरचं अँटिबायोटिक फुफ्फुसात नीट पोचावं म्हणून काय करायचं

सिस्टिक फायब्रोसिस (फुफ्फुसात घट्ट कफ साचत राहणारा जन्मजात आजार) असलेल्या मुलाला टोब्रामायसिन किंवा कोलिस्टिन हे अँटिबायोटिक नेब्युलायझरने, म्हणजे औषधाची वाफ करणाऱ्या मशीनने, सुरू झालं की आपल्याला वाटतं वाफ संपली, औषध गेलं. पण मेख अशी आहे की औषध हवेबरोबर जातं, म्हणजे कफाने बुजलेल्या ज्या श्वासनळ्यांत स्यूडोमोनास हा जंतू ठाण मांडून बसलेला असतो तिथे ते सगळ्यात कमी पोचतं आणि मोकळ्या भागात भरपूर जातं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी ब्रॉन्कोडायलेटर (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध), मग हायपरटॉनिक सलाइन (कफ सैल करणारं जास्त खारट पाणी) चालू असेल तर ते, मग छातीची फिजिओथेरपी करून कफ काढायचा आणि अँटिबायोटिक शेवटी. घाईत बरेच जण फिजिओ गाळून नुसतं अँटिबायोटिक देतात, अहो मग ते कफावरच बसतं, टोब्रामायसिन तर कफाला चिकटून तिथेच निकामी होतं. डॉर्नेझ अल्फा (कफ पातळ करणारं औषध) कधी द्यायचं ते डॉक्टरांना विचारा, फक्त नेब्युलायझरच्या एकाच कपात ते आणि अँटिबायोटिक मिसळू नका.

आता श्वास. साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे थेंब खोल जातात, मोठे घशातच आपटतात, पण थेंब बारीक असले तरी मूल भराभर श्वास घेत असेल तर तेही घशात आणि मोठ्या नळ्यांतच अडकतात. तर मुलाला ताठ बसवा, सावकाश श्वास घ्यायला लावा, गोष्ट सांगा, मोबाईल द्या, काहीही चालेल.

रडत असेल तर थांबा! रडताना लांब उच्छ्वास आणि मध्येच झटक्यात श्वास असतो, त्यामुळे औषध घशात बसून गिळलं जातं. मास्क चेहऱ्याला घट्ट हवा, लांबून तोंडावर वाफ सोडणं म्हणजे औषध खोलीला देणं. माउथपीस (ओठांत धरायची नळी) नीट धरता यायला लागला की लगेच त्यावर जा कारण नाक बरंच औषध गाळून टाकतं.

मशीनही वाटेल ते चालत नाही, अझट्रिओनाम हे अँटिबायोटिक त्याच्यासाठीच्या अल्टेरा नेब्युलायझरनेच द्यायचं असतं. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला तर नेब्युलायझरमधली औषधाचे थेंब करणारी जाळी बुजलीये का बघा. प्रत्येक वेळी धुणं, निर्जंतुक करणं, हवेत पूर्ण वाळवणं हे कंटाळवाणं आहे खरं, पण ओल्या कपात जंतू वाढतात आणि मग तेच आत जातात. आणि पहिला डोस दवाखान्यातच घ्या, काही मुलांच्या नळ्या औषधाने आवळतात.