लाकडी होडीच्या फटी आणि व्हार्निश: आधी फट, मग चकाकी

व्हार्निशने फट बुजत नाही, हे सगळ्यात आधी सांगतो. वरून सात हात मारले तरी फळ्या हलल्या की सांध्यावर केसासारखी चीर पडते, तिथून पाणी आत शिरतं आणि आठवडाभरात लाकूड काळं पडायला लागतं. म्हणून निम्मी मेहनत फटींवरच घ्या.

पुण्यात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. मी पहिल्या वर्षी मे महिन्यात केलं होतं, उन्हाने फळ्या आक्रसून फटी चांगल्या रुंद झालेल्या आणि मी त्यात कडक लांबी (पुट्टी) ठासून भरली, मग होडी पाण्यात गेली, फळ्या फुगल्या आणि लांबी सळ्यांसारखी बाहेर आली, जीव खूप हळहळला. तेव्हापासून सांध्यात भरायचं ते मऊ राहणारंच, एपॉक्सी, म्हणजे वाळल्यावर टणक होणारा गोंद, तर अशा सुट्ट्या फळ्यांच्या होडीच्या सांध्यात नकोच.

जुनी लांबी अणकुचीदार हुकने खरवडून काढा, फळीची कड तुटू देऊ नका. फट साफ आणि कोरडी झाली की आत पातळ प्रायमर लावा, नाहीतर कोरडं लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं आणि लांबी भुसभुशीत होते. मग फटीत सुती वात बसवा, बोथट पटाशी आणि लाकडी हातोड्याने. हलके हलके ठोके द्यायचे, ठोक्याचा आवाज पोकळ येतोय तोवर वात बसलेली नसते, आवाज घट्ट आला की थांबा, जास्त ठोकलं तर फळीच सरकते. वर मऊ लांबी किंवा पॉलिसल्फाइड सीलंट (रबरासारखं लवचिक राहणारं भरण), दोन्ही कडांना मास्किंग टेप लावून, पृष्ठभागापेक्षा किंचित खाली. पॉलिसल्फाइड वापरणार असाल तर त्याच्याच कंपनीचा प्रायमर घ्या, सागवान तेलकट असतं, धरत नाही. सिलिकॉन मात्र अजिबात नको, त्याच्यावर व्हार्निश कधीच चिकटत नाही.

सामान रविवार पेठेत बोहरी आळीत बघा. व्हार्निश घेताना ऊन सोसणारं, यूव्ही रोखणारं मरीन किंवा स्पार व्हार्निश आहे का ते डब्यावर वाचा, फर्निचरचं घरातलं व्हार्निश उन्हात लवकर सुटतं. आणि कायम पाण्याखाली राहणारा भाग रंगाचा, तिथे व्हार्निश मारू नका.

सागवान आधी ॲसिटोनच्या फडक्याने पुसा, पहिला हात टर्पेंटाइन घालून निम्मा-निम्मा पातळ, दुसरा थोडा कमी पातळ, पुढचे चार-पाच घट्ट. मध्ये दरवेळी २२० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी ३२०, लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच घासा. धूळ ओलसर फडक्याने पुसून लाकूड पूर्ण कोरडं होऊ द्या, ब्रश ओल्या कडेवर परत परत फिरवू नका. थंडीत पहाटे लाकडावर दव बसतं, त्यामुळे दहा-साडेदहानंतर सुरुवात करून तीनच्या आत संपवा, आणि सावलीत, कारण थेट उन्हात बुडबुडे येतात. एक हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको, नखाने दाबून बघा, खूण उमटली तर उद्या.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल असेल तर ती आपोआप पेटू शकतात, पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका.